पुस्तकावरची सिरीज येतेय आणि दुसरा भाग अर्धवट पडलाय, काय करू?

चंपाबावडी

नमस्कार मंडळी, एरवी मी इथे वाचनमात्र असते, धागा पहिल्यांदाच काढतेय आणि जरा लांबलाय, सांभाळून घ्या.

मी इंदूरची. राजेंद्र नगरात राहते, दिवसा नोकरी, रात्री लिहिणं. काही वर्षांपूर्वी माझी एक फँटसी कादंबरी आली, मराठीत. तिच्यावर हिंदीत वेब सिरीज झालीये आणि प्रीमियर पुढच्या महिन्यात आहे. पुस्तकाचं नाव, प्लॅटफॉर्म, नटमंडळी काहीच सांगता येत नाही, एनडीएवर (गुप्तता राखायच्या करारावर) सही केलीये, तेव्हा कुणी ओळखलं असेल तरी इथे लिहू नका प्लीज.

गोष्ट थोडक्यात सांगते नाहीतर पुढचं कळणार नाही. मांडूच्या चंपा बावडीखाली तहखाने आहेत ना, थंडगार कमानींचे, विहिरीशी जोडलेले, तिथून सुचलेली आहे. बावडीखाली दुसरा एक माळवा आहे आणि तिथे उतरता येतं, पण दर टप्प्यावर एक आठवण सोडून जावी लागते, आणि कुठली सोडायची ते उतरणारा ठरवत नाही, बावडी ठरवते. नायिकेची आजी आयुष्यभर उतरत आलीये. पहिल्या भागाच्या शेवटी ती पायरीवर बसून नातीला विचारते, माझ्या हातातल्या या पाटल्या कुणाच्या गं? बास, तिथे पुस्तक संपतं. दुसरा भाग पूर्ण या आजीचाच आहे.

आता ट्रेलर आलाय (अजून पब्लिक नाही, मला दाखवला) आणि त्यात त्याच पाटल्यांतून निळा जाळ निघतो आणि समोरचे पाच जण उडून भिंतीवर आपटतात. आठवण बिठवण काही नाही. आणि शेवटच्या एपिसोडमध्ये आजी मरते.

बरं, मी रडत बसलेली नाही, पैसे घेतलेत, माहीत होतं की बदल होणार. पण तीन गोष्टी एकदम अंगावर आल्यात. प्रकाशक म्हणतात दुसरा भाग सिरीजच्या बरोबरच आणूया आणि जमलं तर सिरीजला धरून कर, म्हणजे आजी गेलेली. पीआरवाल्या मुलीने व्हिडिओ बाइटसाठी एक वाक्य पाठवलंय, "मी जे लिहिलं तेच पडद्यावर जिवंत झालंय", ते मी कॅमेऱ्यासमोर हसून म्हणायचं आहे. आणि तिसरं म्हणजे लिहायला बसलं की नायिका त्या नटीच्या आवाजात बोलायला लागते, माझी मुलगी माळवी हेल काढून बोलायची, ही बांद्र्याची बोलते. घरात तर लग्न निघाल्यासारखं झालंय, रामबागेतल्या काकू प्रीमियरचे पास मागतायत, सोसायटीच्या ग्रुपवर बॅनरचं डिझाइन फिरतंय, ऑफिसात साहेब विचारतात की हिरो प्रत्यक्षात कसा आहे. मी त्याला एकदाच पाहिलाय, तो फोनवर होता.

कुणी यातून गेलंय का, किंवा जवळून पाहिलंय का? लिहिणं थांबवू का महिनाभर? आजीचं काय करू?

---

धारपभक्त

आधी अभिनंदन घ्या, नंतर रडू. मराठीत फँटसी लिहून पडद्यापर्यंत पोचणं म्हणजे काय ते आम्हाला विचारा. नारायण धारपांच्या कथेवरून सुचलेला तुंबाड २०१८ मध्ये आला, व्हेनिस चित्रपट महोत्सवातल्या क्रिटिक्स वीकचं ओपनिंग त्याने झालं, आणि धारप २००८ मध्येच गेलेले. तुम्ही निदान भांडायला हयात आहात.

बाकी पाटल्यांचा शेवट वाचून काटा आला अंगावर. त्याचा जाळ करणाऱ्यांना बावडीत सोडा.

---

कट_टू_कट

मी मुंबईत पोस्ट प्रॉडक्शनमध्ये (शूटिंगनंतरच्या एडिटिंग, साउंड वगैरे कामात) असतो, तुझ्या प्रोजेक्टशी काही संबंध नाही पण असे पाचसहा प्रकार जवळून बघितलेत, म्हणून लिहितोय, जरा कडू लागेल.

जाळ का आला ते सांगतो. रायटर्स रूममध्ये, म्हणजे पटकथा लिहिणारे एकत्र बसतात तिथे, सगळ्यांना तुझी आठवणीची आयडिया आवडलेली असते, शपथेवर. मग कुणीतरी विचारतं की आठवण गेली हे दाखवायचं कसं. पुस्तकात तू एका वाक्यात लिहितेस आणि वाचक आत जातो, कॅमेऱ्याला आतलं काही दिसत नाही, मग एक तर नटीने बोलून दाखवायचं किंवा फ्लॅशबॅक टाकायचा. प्रत्येक टप्प्याला फ्लॅशबॅक म्हणजे वेगळं सेटअप, लहानपणीची वेगळी नटी, वेगळे कपडे, शूटिंगचे दिवस वाढले. त्यापेक्षा जाळ परवडतो, तो व्हीएफएक्सच्या व्हेंडरला शॉटच्या हिशोबाने देता येतो आणि ट्रेलरमध्ये पण कामाला येतो. कुणाचा डाव नसतो यात. आजी मेली त्याचं कारण पण बहुतेक इतकंच असेल की सीझनला शेवट पाहिजे आणि सीनियर नटीच्या तारखा पुढच्या वर्षी मिळतील याची खात्री नाही.

आता महिना राहिलाय म्हणजे कट लॉक झालाय (एडिट पक्का, आता बदल नाही), साउंड मिक्स, डबिंग, सबटायटल, क्यूसी म्हणजे शेवटची तपासणी चालू असेल किंवा झालेलं असेल. आता तू सीन बदला म्हणालीस तर लोक गोड बोलतील आणि काही होणार नाही. तुझी एनर्जी तिथे घालवू नकोस. अजून हातात काय आहे, तर क्रेडिटची पाटी. तुझं नाव बरोबर लिहिलंय का, करारात जिथे यायचं ठरलंय तिथे आहे का, आणि डब केलेल्या सगळ्या भाषांत तसंच आहे का. हे आजच मेलवर माग, स्क्रीनशॉटसकट. डबच्या पाट्या वेगळ्या बनतात आणि चुका तिथेच होतात.

आणि बाइट. ते वाक्य बोलू नकोस. अमेरिकन फँटसी लेखिका उर्सुला ले ग्विनच्या अर्थसी या पुस्तकांवर २००४ मध्ये अमेरिकेत मिनी सिरीज झाली होती, कागदावर ती कन्सल्टंट, प्रत्यक्षात तिला कुणी काही विचारलं नाही, तिच्या पुस्तकातली बहुतेक माणसं सावळी, तांबूस वर्णाची, पडद्यावर गोरी झाली. आणि वर दिग्दर्शक जाहीरपणे सांगत होता की लेखिका यात सामील आहे. मग तिला लेख लिहून सांगावं लागलं की हे माझं नाही. तू आधीच "तेच जिवंत झालंय" म्हणून बसलीस तर नंतर असा लेख पण लिहिता येणार नाही.

---

मांडवीवाला

ताई, नमस्कार, बडोद्याहून लिहितोय. वकिलीत हयात गेली, आता नातवंडं आणि वाचन. वरच्या मित्राचं बाइटबद्दलचं म्हणणं शंभर टक्के पटलं, पण "आता काही होणार नाही" हे मात्र तितकंसं खरं नाही.

आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५७ आहे. हक्क विकले तरी लेखकाचे दोन हक्क त्याच्याकडेच राहतात, एक म्हणजे ही कृती माझी आहे असं सांगण्याचा, आणि दुसरा, तिची मोडतोड होऊन आपल्या नावाला, प्रतिष्ठेला धक्का लागत असेल तर दाद मागण्याचा. यावरचा गाजलेला खटला तुमच्या माळव्यातल्याच लेखिकेचा आहे, मन्नू भंडारी, जन्म भानपुऱ्याचा. त्यांच्या आपका बंटी कादंबरीवर चित्रपट निघाला, त्यातले बदल त्यांना मान्य नव्हते, आणि १९८६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने म्हटलं की माध्यम बदलताना लागणारे फेरफार निर्मात्याने करावेत, पण त्या नावाखाली मूळ कृतीचा विपर्यास करता येणार नाही, करारात बदलांना परवानगी असली तरी. तेव्हा निर्मात्याकडून कुणी "तुम्ही सही केलीये, आता गप्प बसा" म्हणालं तर गप्प बसायची गरज नाही.

याचा अर्थ उद्या कोर्टात जा असा नाही. पाटल्यांतून जाळ निघाला एवढ्यावर कुठलंही कोर्ट प्रीमियर थांबवणार नाही, आणि मी तुमचा वकील असतो तर जाऊ पण दिलं नसतं. पण आज रात्री करार काढा आणि शांतपणे काही गोष्टी बघा. पात्रांचे हक्क कुणाकडे गेलेत? सीक्वेल, प्रीक्वेल, स्पिनऑफ या शब्दांच्या आसपास काय लिहिलंय? आणि तुमच्याकडे काय राखून ठेवलंय, छापील पुस्तक, ऑडिओ, नाटक? मुदत नीट लिहिलेली आहे का तेही बघा, करारात मुदतच नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो. दुसरा भाग लिहायला तुम्ही मोकळ्या आहात की नाही हे प्रकाशकाच्या उत्साहावर नाही, त्या पानावर ठरतं.

---

सोफ्यावरचा_वाचक

माझं मत वेगळं. किती लोकांनी पुस्तक वाचलंय? मराठी कादंबरीची आवृत्ती हजाराची, पाचशेची. सिरीज लाखो लोक बघतील. त्यातले चार टक्के जरी पुस्तकाकडे वळले तरी त्यांच्या डोक्यात आजी मेलेली असेल. ते दुसरा भाग उघडतील, आजी जिवंत, तिच्यावरच पुस्तक, ते म्हणतील हे काय आहे. प्रकाशक वेडा नाहीये. आजीला भूत करा, आठवण करा, काहीतरी करा, पण जिथे गर्दी आहे तिथे दुकान मांडा.

---

पोथीघर

@सोफ्यावरचा_वाचक, दुकान मांडायचंच असेल तर दुकानदाराचं ऐका मग, मी पुस्तकं विकते.

सिरीज बघून जे गिऱ्हाइक येतं ते दुसरा भाग मागत नाही. ते विचारतं, "वो जो सीरीज आई है, उसकी किताब है क्या?" म्हणजे पहिला भाग, आणि तो हिंदीत. चंपाबावडी, तुमचा हिंदी अनुवाद आहे का? नसेल तर तुम्ही आणि तुमचे प्रकाशक दोघंही चुकीच्या पुस्तकाची घाई करून राहिलाय. इंदुरात अर्ध्या मराठी घरांतली पोरंसुद्धा हिंदीतच वाचतात, बाकी हिंदी पट्टा सोडाच. आणि मराठी आवृत्ती आत्ता बाजारात आहे का हो? असं पाहिलंय की सिरीज आली, पहिल्या आठवड्यात लोक विचारत आले आणि पुस्तक आउट ऑफ प्रिंट, नवीन आवृत्ती हातात पडेस्तोवर लोक दुसऱ्या सिरीजला लागलेले. छपाई, बाइंडिंग, वितरक, पार्सल, याला वेळ लागतो, आजच फोन करा.

कव्हरवर नटीचा फोटो टाकायचं म्हणत असतील तर तो फोटो प्रकाशकाने ट्रेलरमधून उचलायचा नसतो, निर्मात्याची लेखी परवानगी लागते आणि नटीच्या करारात तिचा चेहरा पुस्तकावर वापरायची सोय आहे का ते पण बघावं लागतं. इतका वेळ नसेल तर जुनं कव्हर ठेवा आणि वर गोल स्टिकर मारा. मला तर स्टिकरच आवडतं, सिरीज गेली की काढता येतं.

---

चंपाबावडी

सगळ्यांचे आभार, खरंच. काल रात्री करार काढून बसले, मांडवीवाले काका, तुम्ही सांगितलंत म्हणून, नाहीतर सही केल्यापासून ती फाइल उघडलीच नव्हती.

तर, पात्रांचे हक्क ऑडिओव्हिज्युअलपुरते त्यांच्याकडे आहेत, सीक्वेल प्रीक्वेल सकट, म्हणजे सीझन दोन ते माझा दुसरा भाग न वाचता पण करू शकतात. पण "लेखिकेने राखून ठेवलेले हक्क" असं एक कलम आहे आणि त्यात छापील पुस्तकं, याच पात्रांवरची पुढची सुद्धा, स्पष्ट लिहिलेली आहेत. ऑडिओबुकचं मात्र गोलमाल आहे, "ध्वनी" हा शब्द दोन्हीकडे आलाय. पैसे सीझनवार आहेत, पहिल्याचे मिळाले, दुसरा झाला तर वेगळे.

पोथीघर, हिंदी अनुवाद नाही. मराठीच्या थोड्या प्रती उरल्यात असं प्रकाशक म्हणाले, थोड्या म्हणजे किती विचारलं तर म्हणे बघून सांगतो. हे ऐकून मला पहिल्यांदा घाम फुटला, ट्रेलर बघून फुटला नव्हता.

---

आकडेमोड

सीए आहे, रूक्ष बोलतो. सीझनवार पैसे हे चांगलं आहे, जपून ठेवा. विचर ही फँटसी पुस्तकं लिहिणारे पोलंडचे सापकोव्स्की माहीत असतील, त्यांनी व्हिडिओ गेमचे हक्क एकरकमी दिले, टक्केवारी नको म्हणाले कारण गेम चालेल असं वाटलं नव्हतं, मग गेम जगभर चालला, २०१८ मध्ये त्यांच्या वकिलांनी किमान ६ कोटी झ्लॉटी (पोलंडचं चलन) मागितले आणि डिसेंबर २०१९ मध्ये कंपनीशी नवा करार झाला. म्हणजे मिळालं, पण नोटीस पाठवावी लागली.

रॉयल्टीवर १० टक्के टीडीएस कापला असेल, तो फॉर्म २६एएसमध्ये दिसतोय का बघा, निर्मात्याचं अकाउंट खातं आणि तुमचा पॅन यांची गाठ पडलेली नसते कधीकधी. जुन्या टॅक्स पद्धतीत असाल तर पुस्तकाच्या लेखकांना कॉपीराइटच्या उत्पन्नावर ३ लाखांपर्यंत वजावट होती, १९६१ च्या कायद्याचं कलम ८०क्यूक्यूबी, त्यासाठी पैसे देणाऱ्याकडून ठराविक नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं. तुमच्या वर्षाला आणि या पैशाला ते लागू होतं का हे तुमच्या सीएला विचारा, इथे नको. पण प्रमाणपत्र आत्ताच मागा. प्रीमियर झाला की प्रॉडक्शनची टीम पांगते, मग फोन उचलायला कुणी नसतं.

---

कट_टू_कट

@आकडेमोड पांगते हे अगदी खरं. ऑफिससुद्धा भाड्याचं असतं, रिकामं होतं.

@सोफ्यावरचा_वाचक, तुझ्या गर्दीच्या मुद्द्याला धरून एक गंमत. जॉर्ज मार्टिनच्या पुस्तकांवरची गेम ऑफ थ्रोन्स सिरीज एप्रिल २०११ मध्ये सुरू झाली, त्याच्या मालिकेतलं पाचवं पुस्तक त्याच जुलैत आलं. पहिल्या चार सीझनमध्ये तो दरवर्षी एक एपिसोड स्वतः लिहायचा, मग पुस्तक पूर्ण करायचं म्हणून ते पण सोडलं. सिरीज २०१९ मध्ये संपून गेली, सहावं पुस्तक अजून नाही. आणि तो सिरीजसारखं लिहायला बसला नव्हता हां, तरी ही गत. चंपाबावडीने सिरीजच्या मागे धावायचं ठरवलं तर सीझन दोनची रायटर्स रूम बसेल तेव्हा तिला परत सगळं बदलावं लागेल, कारण त्यांना स्वतःलाच अजून माहीत नाही पुढे काय आहे.

---

सोफ्यावरचा_वाचक

मार्टिन उशीर करतो तो त्याचा स्वभाव आहे, त्याचं खापर सिरीजवर नको. पण ठीक आहे, पहिला भाग हिंदीत आधी हे मान्य. दुसऱ्या भागाच्या सुरुवातीला एक पान तरी द्या की ही गोष्ट कादंबरीच्या पहिल्या भागापासून पुढे जाते. बघणाऱ्यांना सांगायला काय जातंय.

---

रेवाकाठ

मी महेश्वरची, माहेर इंदूर. लिहीत नाही, पण माझ्याकडे तुमचं पुस्तक आहे (हो ओळखलं, नाही सांगत) म्हणून एकच.

आवाजाचं तुम्ही लिहिलंत ना की नायिका बांद्र्याची बोलते. तुमच्या पुस्तकात तिच्याइतकीच आजी बोलते आणि आजीचा आवाज त्यांना सापडलेलाच नाही, ट्रेलरमध्ये ती एक अक्षर बोलत नसणार, नुसता जाळ. मग नातीची प्रकरणं सध्या ठेवा बाजूला आणि आजीचीच लिहा. ती तेवढी अजून तुमची एकटीची आहे. एखाद्या दुपारी मांडूला जाऊन या, पावसाळ्यातल्या रविवारी नको, अख्खं इंदूर भुट्टे खायला तिथे असतं. बाकी सिरीज मी बघणार आहे आणि शिव्या पण घालणार आहे, तुमच्या वतीने.

---

चंपाबावडी

रेवाकाठ, आजी खरंच ट्रेलरमध्ये एक अक्षर बोलत नाही. हे माझ्या लक्षात पण आलं नव्हतं.

काल नातीचं प्रकरण सोडलं आणि आजीचं घेतलं. फार नाही, दीड पान, ती बावडीच्या वरच्या पायरीवर तांदूळ निवडतेय आणि खडे कुठले आणि तांदूळ कुठले ते हाताला माहीत आहे पण कशासाठी निवडतेय ते आठवत नाही. बरं झालंय असं वाटतंय. प्रकाशकांना सांगितलं की आजी जिवंत राहणार, आणि दुसरा भाग दिवाळीनंतर बघू, आधी पहिल्याची आवृत्ती काढा आणि हिंदी अनुवादक शोधा. थोडे नाराज झाले. मग पोथीघर यांचं गिऱ्हाइकाचं वाक्य जसंच्या तसं ऐकवलं तेव्हा म्हणाले की वितरक पण हेच म्हणत होता. म्हणजे वितरकाने सांगितलेलं होतंच! स्टिकरवर एकमत झालंय. सोफ्यावरचे, तुमचं ते एक पान नक्की घालते.

क्रेडिटच्या पाटीचा मेल टाकला, ऑडिओच्या कलमाबद्दल पण लेखी विचारलंय. सिरीज मात्र मी आत्ता बघणार नाहीये, आजीचा खर्डा पूर्ण होईस्तोवर. प्रीमियरला जाईन, साडी नेसून फोटो काढीन, आणि आतमध्ये दिवे गेले की काय करायचं ते ठरलेलं नाही अजून. नवरा म्हणतो कानात बोळे घाल, तो गंभीरपणे म्हणतोय.

बाइट राहिली. त्या मुलीचं वाक्य म्हणणार नाही असं कळवलं, ती बिचारी चांगली आहे, म्हणाली मग तुम्हीच लिहून द्या, उद्या संध्याकाळपर्यंत. हे लिहिलंय, बघा जरा:

"माझी कादंबरी मराठीत आहे आणि ही सिरीज तिच्यावर आधारित आहे. पटकथा आणि दिग्दर्शन त्यांच्या टीमचं आहे, त्यांनी त्यांच्या पद्धतीने गोष्ट सांगितली आहे. बावडीत उतरण्याची किंमत काय असते ते पुस्तकात वाचा. मला खूप आनंद होतोय."

---

मांडवीवाला

उत्तम. कायद्याच्या दृष्टीने काही अडचण दिसत नाही. "आधारित" हाच शब्द करारात आहे ना, तेवढं ताडून घ्या.

---

कट_टू_कट

शेवटचं वाक्य काढ. एडिटर पहिली तीन कापेल आणि तेवढंच ठेवेल.